लॉनी प्रूइटची हजेरी

हार्लन ड्रीस चष्मा विसरायचा, दाताच्या डॉक्टरची वेळ विसरायचा, गाडी कुठे लावली तेही विसरायचा. सकाळी साडेसहाची हजेरी मात्र सात वर्षांत एकदाही विसरला नव्हता. ताप असो, बर्फ असो, नदीचं पाणी रस्त्यावर आलेलं असो, सहा पंचविसाला हा माणूस हातात तक्ता घेऊन जिन्याच्या पायथ्याशी उभा असायचाच. त्याच्या वक्तशीरपणाचं लोकांना कौतुक वाटे. त्याला स्वतःला त्याचं काहीच वाटत नसे. खरं सांगायचं तर त्याला कशाचंच काही वाटत नसे.

माजी सैनिकांच्या इस्पितळामागे विटांची एक दुमजली इमारत आहे. नशा सोडायला आलेले चोवीस जण तिथे राहतात. दारूवाले, गोळ्यावाले, सुईवाले आणि थोडे सर्वगुणसंपन्न. सगळे कधी ना कधी गणवेशात होते, त्यामुळे खाटेवरची चादर अजूनही ताठ घालतात आणि बुटांना पॉलिश करतात. सकाळी जिभेखाली नशेची ओढ मारणाऱ्या औषधाची पट्टी, दहाला गोल करून बसायचं नि बोलायचं, दुपारी कधीही नाव पुकारलं की तपासणीसाठी बाटलीत लघवी, अशी तिथली दिनचर्या. दिवसाची सुरुवात हजेरीनं. प्रत्येकानं आपापल्या दारात उभं राहायचं, खोलीचा नंबर सांगायचा आणि "हजर" म्हणायचं. हार्लननं तोंडाकडे बघायचं आणि तक्त्यावर खूण करायची.

हजेरीचा नियम मुख्य परिचारिका मार्वा टीगल यांनी लाल अक्षरांत लिहून जिन्यात लावला होता. चेहरा दिसल्याशिवाय खूण करायची नाही. एकानं दुसऱ्याच्या वतीनं बोलायचं नाही. कोणी दिसला नाही तर त्याच क्षणी दार उघडायचं, आणि नशेचा अंमल उतरवणारा, खिशातला नाकात मारायचा फवारा हातात धरूनच आत जायचं, कारण अशा माणसाचा श्वास अडकला तर मिनिटांचाच खेळ असतो. मार्वाबाई वीस वर्षं नौदलात होत्या. "तुम्ही लष्करवाले," त्या हार्लनला म्हणायच्या, "एकमेकांना पाठीशी घालता घालता मरता. बोटीवर असं केलंत तर अख्खी बोट बुडेल."

"आम्ही बोटीत बसतच नाही, बाई. ओकायला होतं," हार्लन म्हणायचा. तो विनोद करतोय हे त्याच्या चेहऱ्यावरून कळायचं नाही.

तो याच गावचा. बाप कागद गिरणीत होता. गिरणी बंद पडायच्या वर्षी हार्लन अठरा वर्षांचा झाला आणि सरळ जाऊन भरती झाला. बावीस वर्षं नोकरी केली, तीही मालवाहू ट्रकांच्या तांड्यांवर. पाणी, डिझेल, टॉयलेट पेपर, दारूगोळा, जे असेल ते इकडून तिकडे न्यायचं. लोकांना वाटतं लढाई म्हणजे डोंगरावर चढून गोळ्या झाडणं. हार्लनची लढाई म्हणजे इराकमधला एक सरळ सपाट रस्ता, आणि त्या रस्त्यावर पुढचा ट्रक असायचा आणि एकाएकी नसायचा. सार्जंट म्हणून संध्याकाळी त्यानंच तोंडं मोजायची. त्या दिवसांत त्यानं स्वतःला आतून कुठेतरी बंद केलं. ते तेव्हा उपयोगी होतं.

घरी आल्यावर ते उघडेना. मग तो पिऊ लागला. मजा म्हणून पिणारी माणसं वेगळी असतात. हा रोज संध्याकाळी ड्यूटीवर गेल्यासारखा पीत असे. बायको कॉलीन भांडली असती तर बरं झालं असतं. ती एका शनिवारी शांतपणे सामान गाडीत भरून बहिणीकडे गेली, आणि हार्लननं तिला खोकी उचलायला मदत केली. त्यानंतर वर्षभरानं एका सकाळी तो झिंगलेल्या अवस्थेत इस्पितळाच्या फाटकाशी सावधानमध्ये उभा राहिला, आपलं नाव आणि हुद्दा ओरडून सांगितला आणि "हजर" म्हणाला. फाटकावरचा माणूस हसला, पण त्यानं आत घेतलं.

दारू सुटली त्याला दहा वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले होते, भावना हळूहळू परत येतील. सैन्यात मागवलेल्या सुट्या भागाची वाट बघतात तशी हार्लननं वाट बघितली, म्हणजे फार आशा न ठेवता. आई गेली तेव्हा तो स्मशानात किती गाड्या आल्या ते मोजत होता. पण त्याचं काही बिघडलं नाही. उलट त्याला याच इमारतीत नोकरी मिळाली. ज्याला काही वाटत नाही असा माणूस अशा जागी सोन्यासारखा. कोणी अंगावर धावून आला, कोणी पाया पडला, कोणी खोटं बोलला, तरी हार्लनचा आवाज चढायचा नाही. आणि साडेसहाची हजेरी होती म्हणून तो उठायचा. ती नसती तर तो कशासाठी उठला असता हा प्रश्न तो स्वतःला विचारत नसे, कारण उत्तर त्याला माहीत होतं.

लॉनी प्रूइट तिथे आला तो कोर्टाच्या हुकमानं. बेचाळीस वर्षांचा, उंच, खांद्यात वाकलेला, तोही ट्रकवालाच. पाठीच्या दुखण्यावर सैन्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गोळ्या बंद झाल्यावर त्यानं सुई धरली, सुईसाठी बहिणीच्या शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र चोरलं. न्यायाधीशांनी सांगितलं, नव्वद दिवस इथे नीट काढ, नाहीतर आठ महिने तुरुंगात काढ. नव्वद दिवस झाले की बहीण जनेल त्याला घरी नेणार होती. तिनं मागची खोली रंगवून ठेवली होती. रंग कोणता यावर दोघांचं फोनवर तीन आठवडे भांडण चाललं होतं.

"पिवळा, सार्जंट," लॉनी हार्लनला सांगायचा. "मी काय लहान बाळ आहे? म्हणे प्रसन्न वाटतं."

"मग सांग तिला."

"सांगितलं. म्हणाली, ज्यानं यंत्र चोरलं त्यानं रंगावर बोलू नये."

लॉनीचा स्वभाव असा की माणसाला राग धरता येत नसे. पण त्याच्या बाबतीत दोन गोष्टी वाईट होत्या. पहिली म्हणजे त्याच्या नावावर दोन हजेऱ्या चुकल्या होत्या, एकदा बाहेर सिगारेट ओढत होता म्हणून आणि एकदा झोपला होता म्हणून. तिसरी चुकली की कागद थेट कोर्टात जाणार. दुसरी म्हणजे सत्तराव्या दिवसापासून त्यानं जिभेखालची पट्टी बंद करून घेतली होती. मार्वाबाईंनी त्याला परोपरीनं समजावलं, की बाबा, ती काढलीस तर अंगाची सवय मोडलेली असते. जुना डोस एकदा जरी घेतलास तरी उठणार नाहीस. लॉनीचं एकच. "बाई, मला घरी पूर्ण मोकळा जायचंय. कुबडी घेऊन नाही." असा हट्ट सैनिकच करू जाणे. पाय मोडला तरी म्हणतात, मी चालत येतो. हार्लन त्या वेळी तिथेच उभा होता आणि त्यानं मान डोलावली होती. त्यालाही ते बरोबरच वाटलं होतं.

एकोणनव्वदावा दिवस सोमवार होता. आदल्या दिवशी, रविवारी, लॉनी चार तासांची सुट्टी घेऊन गावात जाऊन आला होता. साडेसहाला हार्लन वरच्या मजल्यावर आला. एक एक दार, एक एक तोंड. चौदा नंबरच्या दारात ऑटिस बीमन एकटाच उभा होता. ऑटिस लॉनीचा खोलीतला सोबती, व्हिएतनामच्या लढाईला जाऊन आलेला, चौऱ्याहत्तर वर्षांचा, सगळ्यांना पोरा म्हणणारा.

"चौदा. हजर," ऑटिस म्हणाला, आणि लगेच पुढे, "दोघं हजर. तो आंघोळ करतोय, पोरा. ऐक की, पाणी चालू आहे."

पाणी चालू होतं. न्हाणीघराच्या बंद दारामागून त्याचा आवाज स्वच्छ येत होता.

इथे जे झालं ते बाहेरच्या माणसाला कळणं कठीण आहे. सैन्यात सकाळच्या रांगेत एखादं पोरगं कमी असतं, कुठेतरी उलट्या करत पडलेलं असतं, तेव्हा चांगला सार्जंट काय करतो? "सगळे हजर" म्हणून वर कळवतो, आणि नंतर त्या पोराला शोधून, कोपऱ्यात घेऊन त्याची अशी खरडपट्टी काढतो की ते जन्मभर उशीर करत नाही. वर कळवलं तर पोराचं नुकसान. आपल्या माणसाला आपण झाकायचं. हार्लननं बावीस वर्षांत हे कितीतरी वेळा केलं होतं, आणि जी पोरं त्यानं झाकली त्यांतली बरीचशी पुढे चांगली निघाली होती. उद्या नव्वदावा दिवस. तिकडे खोली रंगवून ठेवलेली. हार्लननं दाराकडे बघितलं, तक्त्याकडे बघितलं आणि चौदा नंबरपुढे दोन खुणा केल्या.

"बाहेर आला की माझ्याकडे पाठव," तो ऑटिसला म्हणाला. "सालटंच काढतो त्याचं."

"काढ, काढ," ऑटिस हसला. "मी बघायला येतो."

खाली येऊन त्यानं तक्ता मार्वाबाईंच्या टेबलावर ठेवला. अंडी आणि मक्याची लापशी घेतली. खाताना लॉनीला काय बोलायचं ते तो मनात जुळवत होता. सहा पन्नासला रिकामी थाळी ठेवायला उठला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की वरून येणारा पाण्याचा नळ अजून वाजतो आहे. तो जिना चढला. धावला नाही. पंचावन्नला त्यानं खांद्यानं न्हाणीघराचं दार तोडलं. लॉनी पाण्याखाली निपचित पडला होता, शेजारी सुई.

फवारा त्यानं दोनदा मारला. छाती दाबली. मार्वाबाई आल्या, त्यांनीही दाबली. रुग्णगाडीवाल्यांनी हृदय पुन्हा चालू केलं, पण मेंदू काही चालू झाला नाही. लॉनी चार दिवस यंत्रावर होता. पाचव्या दिवशी जनेलनं यंत्र काढायच्या कागदावर सही केली.

चौकशी झाली ती पहिल्याच दिवशी. मार्वाबाईंनी एकेकाला खोलीत बोलावलं. "साडेसहाला लॉनीला पाहिलंत का?" त्यांना हवं होतं फक्त हो किंवा नाही. ऑटिस म्हणाला, हो, दारात उभा होता, टॉवेल खांद्यावर होता. समोरच्या पंधरा नंबरनं सांगितलं, हो, टॉवेल होता. सोळावाला म्हणाला, त्यानं मला हात पण केला. वरच्या मजल्यावरच्या अकरा जणांनी लॉनीला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांचा सार्जंट अडचणीत होता, बस. ज्या माणसांनी आईबापांना, बायकांना, पोलिसांना पैशापैशासाठी फसवलं होतं, ती माणसं हार्लनसाठी जीव तोडून खोटं बोलली.

मग हार्लनला बोलावलं. "तक्त्यावर खूण आहे," मार्वाबाई म्हणाल्या. "तू पाहिलंस?"

"खूण आहे ना," हार्लन म्हणाला.

 नौदल असो की लष्कर, वीस वर्षं माणसं सांभाळलेल्या बाईला असलं उत्तर म्हणजे काय ते कळतं. पण अकरा साक्षी होत्या. मार्वाबाईंनी लिहिलं: साडेसहाला उभा दिसला, सहा पंचावन्नला सापडला. त्या कागदामुळे कुणाचंच काही गेलं नाही. हार्लनची नोकरी राहिली. दुसऱ्या दिवशी त्यानं हजेरी घेतली, चौदा नंबरपुढे एक खूण केली, आणि त्याला काही वाटलं नाही. वाटत नाही हे मात्र या वेळी त्याला जाणवलं. आपण फार वाईट माणूस आहोत, हे त्यानं थंडपणे मनाशी नोंदवलं.

सगळ्यात वाईट होतं ते जनेलचं. तिला कागदातलं वाक्य वाचून दाखवलं होतं आणि तिनं ते घट्ट धरून ठेवलं. इस्पितळाच्या व्हरांड्यात, फोनवर, दफनाची व्यवस्था करणाऱ्या माणसापाशी, सगळीकडे ती तेच सांगे. "त्या दिवशीसुद्धा तो उठला होता. हजेरीला उभा राहिला होता. टॉवेल खांद्यावर टाकून. त्याला जगायचं होतं हो." हार्लननं हे तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ती त्याचाच हात धरून सांगत होती.

आणि मग तिनं त्यालाच विचारलं. "शेवटची हजेरी तुम्ही घ्याल ना? रोजची तुम्हीच घेत होता."

शेवटची हजेरी ही सैनिकाच्या निरोपाची रीत आहे. सगळे जमतात. सार्जंट नावं पुकारतो, जिवंत माणसं ओ देतात. मग गेलेल्याचं नाव पुकारतात, आडनावानं एकदा, नाव-आडनावानं दुसऱ्यांदा, पूर्ण नाव आणि हुद्दा घेऊन तिसऱ्यांदा. कोणी ओ देत नाही. ओ द्यायचीच नसते. हार्लननं इराकमध्ये ती सहा वेळा घेतली होती आणि सहाही वेळा त्याचा आवाज हलला नव्हता.

"घेईन," तो म्हणाला.

कार्यक्रम जेवणघरात ठेवला होता. टेबलं भिंतीला लावली होती. पुढे लॉनीचा गणवेशातला फोटो आणि त्याचे बूट. बुटांना ऑटिसनं पॉलिश केलं होतं, बहुतेक रात्रभर, कारण इतकी चमक तासाभरात येत नाही. तेवीस जण ओळीत उभे. जनेल पहिल्या खुर्चीवर, अंगातला कोट तसाच. मार्वाबाई दाराशी.

हार्लन समोर आला. हातात तक्ता होता. या रीतीत तो लागत नाही, पण त्याला हात रिकामा ठेवता येईना.

"बीमन!"

"हजर, सार्जंट!" ऑटिसचा आवाज फाटला.

"हॅस्किन्स!"

"हजर, सार्जंट!"

"लाफर्टी!"

"हजर, सार्जंट!"

"प्रूइट!"

शांतता. पाच मोजायचे असतात. हार्लननं मोजले.

"लॉनी प्रूइट!"

पुन्हा शांतता. जनेलनं तोंडावर हात धरला. हार्लननं तिसऱ्यांदा तोंड उघडलं, आणि पूर्ण नाव घ्यायच्या ऐवजी थांबला. ओळीतली माणसं अस्वस्थ झाली. कोणीतरी खोकलं.

"त्या सकाळीही त्यानं ओ दिली नव्हती," हार्लन म्हणाला. आवाज नेहमीचाच, हजेरीचा. "तो दारात नव्हता. मी त्याला पाहिलं नाही. दार बंद होतं आणि मी ते उघडलं नाही. मी तो हजर आहे असं लिहिलं आणि खाली जाऊन नाश्ता केला."

"पोरा, गप्प बस," ऑटिस ओळीतून म्हणाला. तो रडत होता. "मी म्हणालो होतो. हजर मी म्हणालो होतो."

"खूण माझी आहे," हार्लन म्हणाला. मग त्यानं टाचा जुळवल्या. "स्पेशलिस्ट लॉनी रे प्रूइट!"

या वेळी त्यानं पाच मोजले नाहीत. मोजायचे राहून गेले. शेवटी मार्वाबाईंनीच पुढे येऊन माणसांना बाहेर नेलं. जाताना त्यांनी हार्लनच्या हातातून तक्ता काढून घेतला, आणि मग दुसरा हात पुढे केला. हार्लननं खिशातल्या किल्ल्या काढून त्यांच्या हातावर ठेवल्या. 

जेवणघरात तो आणि जनेल राहिले. ती बुटांकडे बघत बसली होती. तिच्याजवळचं एवढंसं सुख आपण हिसकून घेतलं, हे हार्लनला कळत होतं. ती उठून कानशिलात देईल, असं त्याला वाटलं, आणि तसं झालं तर बरं होईल असंही वाटलं.

"म्हणजे टॉवेलही नव्हता," ती म्हणाली.

"माहीत नाही. मी पाहिला नाही."

"तुम्ही आत गेलात तेव्हा पाणी चालूच होतं ना?"

"हो."

"गरम होतं का?"

हार्लनला प्रश्न पूर्ण कळला. इमारतीची टाकी जुनी होती, गरम पाणी अर्ध्या तासात संपायचं. जनेलला त्यातलं काही माहीत नव्हतं. तिला फक्त हवं होतं, की तिच्या भावाच्या अंगावर शेवटी काहीतरी ऊबदार पडत होतं. हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. सवयीनं ते तोंडात आलंही होतं.

"गार होतं," तो म्हणाला. "बर्फासारखं. टाकीतलं गरम पाणी संपायला अर्धा तास लागतो. म्हणजे मी दाराशी उभा होतो तेव्हाही तो खाली पडलेलाच होता."

जनेलच्या तोंडून जो आवाज निघाला तो हार्लननं पूर्वी एकदाच ऐकला होता, त्या रस्त्यावर, पुढच्या ट्रकमधून.  तो शेजारच्या खुर्चीवर बसला. छातीत काहीतरी दुखत होतं, खरोखरचं, मार लागल्यासारखं. दहा वर्षं ज्याची वाट बघितली ते हेच असेल तर ते भयंकर होतं.

"मी तुम्हाला माफ करणार नाही," जनेल म्हणाली.

"नको करूस."

"कधीच नाही."

"बरं."

तो उठायला लागला. तिनं त्याची बाही धरली, आणि सोडली नाही.

"कुठे निघालात? बसा," ती म्हणाली. "सगळं सांगा. पहिल्यापासून. काही गाळू नका."